नऊच्या आत बकुळाताईंची स्कूटर

चौदा एप्रिलच्या सकाळी सात चाळीसला बकुळाताईंनी स्कूटरला पहिली किक मारली आणि स्कूटर चालू झाली नाही. सेल्फ मारून झाला होता, तो नुसताच घरघरला. दुसरी किक, तिसरी, आठवी. नवव्या किकेनंतर त्यांनी पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला. ही बाई पदर खोचते तेव्हा प्रकरण गंभीर असतं, हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

नऊ वाजता रॅली निघायची होती. परळच्या आमच्या चाळीपासून हिंदमाता, दादर टीटी, टिळक पूल आणि तिथून चैत्यभूमी. बाबासाहेबांच्या जयंतीची ही रॅली आमच्याकडे तीसेक वर्षं निघते. ऐंशी-नव्वद गाड्या, प्रत्येकीवर निळा झेंडा. पुढे पुरुष, मग गाण्यांचा टेम्पो, आणि त्या टेम्पोच्या धुरात बायका. यंदा पहिल्यांदाच बायका पुढे असणार होत्या. अकरा स्कूटर, अकरा निळे फेटे आणि सगळ्यांच्या पुढे मोठा झेंडा घेऊन बकुळा तांबे, वय वर्षं छप्पन्न.

हा मान काही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. मार्चमध्ये मंडळाच्या मीटिंगला त्यावरून दोन तास भांडण झालं. आमचे अध्यक्ष राजारामदादा मोहिते माणूस वाईट नाही, फक्त टिळक पुलाचा चढ खास पुरुषांसाठी बांधलाय अशी त्यांची समजूत आहे. "बकुळा, पुढची गाडी पुलावर बंद पडली तर मागच्या सगळ्या अडकतील," ते म्हणाले. "पोलीस मला धरतील, तुला नाही."

बकुळाताई उभ्या राहिल्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली येतो, आणि तेच जास्त भीतीदायक असतं. "बरोब्बर नऊला अकराच्या अकरा गाड्या चालू असतील," त्या म्हणाल्या. "एक जरी बंद असली तर आम्ही मागून येऊ. यंदाच नाही, मी जिवंत आहे तोवर मागून येऊ. बंद गाडी मागे. अमित, लिही वहीत."

अमित आमचा सेक्रेटरी. त्याने खरंच लिहिलं. खाली तारीख टाकली आणि ताईंची सही घेतली. आणि आता चौदा तारखेला, नऊला एक तास वीस मिनिटं कमी असताना, अकरातली नेमकी ताईंचीच गाडी गप्प उभी होती.

"माझी गाडी घ्या ना ताई," सलोनी म्हणाली. ती आमच्यातली सगळ्यात लहान, बँकेत आहे, आणि तिच्याकडे ताईंच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची पण दहा वर्षांनी नवी गाडी आहे. "मी टॅक्सी, बस काहीही करून येते."

"अकरा म्हटलंय मी. दहा नाही," ताई म्हणाल्या. "मानसी, वरून माझी पिशवी आण."

मानसी म्हणजे मी. पालिकेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे स्वतःला फार हुशार समजते. पिशवी आणायला मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढले.

त्या पिशवीची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय ही बाई कळायची नाही. बकुळाताईंचे वडील गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. संप झाला तेव्हा ताई बारा-तेरा वर्षांच्या. घरात सगळ्याचीच ओढाताण, पण मुलीची शाळा वडिलांनी सुटू दिली नाही. त्या शिकल्या, कोर्स केला आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ईसीजी टेक्निशियन म्हणून लागल्या. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या छातीला, हातापायांना वायरी लावल्या आणि कागदावरच्या रेघा पाहिल्या. एकदा म्हणे एका माणसाची रेघ सपाट आली. ती पाहून त्याच्या बायकोने हंबरडा फोडला, आणि तो माणूस उठून बसून तिलाच विचारायला लागला, "काय झालं गं?" ताईंनी त्याच्या डाव्या पायाची सुटलेली क्लिप शांतपणे परत लावली. हा किस्सा त्या शंभरदा सांगतात आणि शंभरदा स्वतःच हसतात. त्यांच्या कामाची सगळी पद्धत त्या किश्श्यात आहे. आधी टोकाची क्लिप बघायची, मग मागे मागे जायचं, आणि हृदयावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

सकाळच्या सातच्या ड्यूटीसाठी त्यांनी वीस वर्षांपूर्वी ही स्कूटर घेतली. एकदा ती अडली म्हणून काळाचौकीच्या एका गॅरेजात ढकलत नेली. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मिस्टर म्हणजे आमचे तांबेकाका. गृहस्थ इतके सज्जन की सायकलच्या चेनलाही घाबरतात. ताईंनी स्कूटर तशीच मागे वळवली. संध्याकाळी प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि वायरीतला करंट बघायचा मीटर विकत आणला. पुढच्या रविवारी त्याच गॅरेजसमोर फुटपाथला गाडी लावून, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत ती उघडली. चार तास लागले, पण चालू करूनच उठल्या. तेव्हापासून ती पिशवी त्यांच्या दाराच्या खुंटीला असते.

आम्हा अकराजणींना गाडी शिकवली तीही याच स्कूटरवर. रविवारी सकाळी शिवडीला गोदामांच्या बाजूचे रस्ते रिकामे असतात, तिथे. मी पहिल्या दिवशी ब्रेक समजून ऍक्सिलेटर पिळला आणि कोळशाच्या ढिगात शिरले. ताई धावत आल्या आणि पहिल्यांदा गाडीला लागलं का ते बघितलं. मी अजून त्यांना त्यावरून बोलते, आणि स्वतःची गाडी मी अजून घेतलेली नाही. पण खरं सांगते, चाळीतल्या घरांतून दहा बायका स्वतःच्या गाडीवर कामाला जायला लागल्या त्या या एका बाईमुळे आणि या एका गाडीमुळे. म्हणून त्या सकाळी ती गाडी अशी मुकी उभी राहिलेली मला बघवेना.

पिशवी उघडण्याआधी ताईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. "कालपासून गाडीला कुणी हात लावला?"

"नाही," मी छातीठोकपणे म्हणाले. "काल तुम्ही ड्यूटीवरून आलात, इथे लावलीत, तेव्हापासून इथेच आहे."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. ताईंनी प्लगची टोपी ओढून काढली.

प्लग बाहेर आला तो पेट्रोलने ओला होता. "पेट्रोल येतंय," त्या म्हणाल्या, "म्हणजे पेटवणारं कुणी नाही." त्यांनी प्लग पुसला, टोपीत बसवला, त्याचं टोक इंजिनच्या धातूला टेकवलं आणि सलोनीला म्हणाल्या, "मार किक." सलोनीने मारली. आम्ही सगळ्याजणी डोकी एकमेकींना आपटत त्या प्लगकडे बघत होतो. तिथे निळी ठिणगी उडायला हवी होती. उडाली नाही. पिशवीतला नवा प्लग लावला. त्यालाही नाही. टोपी काढून नुसती जाड वायर धातूजवळ धरली, तरी नाही.

"करंटच नाही," ताई म्हणाल्या, आणि माझी शपथ, त्यांचे डोळे चमकले. आमचा जीव टांगणीला लागलेला आणि बाईंना मजा यायला लागलेली! "म्हणजे प्लग चांगला, टोपी चांगली. मागे चला."

सव्वाआठला राजारामदादा आले. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, खिशाला निळं फूल. रस्त्यावर पसरलेले पाने बघून त्यांच्या मिशा हलल्या, पण माणूस हसला नाही, हे कबूल करायला हवं.

"काय झालं बकुळा?"

"करंट नाही दादा."

"मेकॅनिक बोलवू? लालबागला माझ्या ओळखीचा आहे."

"मी काय करतेय मग?" ताई मान वर न करता म्हणाल्या. "इथे असे उभे राहू नका. बसा आणि हा प्लग धरा. असा, टोपीला धरायचा. किक मारली की ठिणगी दिसते का सांगायचं."

आणि मंडळाचे अध्यक्ष इस्त्रीच्या झब्ब्यासकट उकिडवे बसले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकला. तोवर चाळीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. खाली टेम्पोवर गाणी लागली होती, खिरीच्या पातेल्याखाली शेगडी पेटली होती, मोटरसायकलींवर पोरं जमत होती, आणि आमच्याभोवती गोल वाढतच चालला होता. प्रत्येकाकडे एक सल्ला होता. कुणी म्हणे पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणे बॅटरी बसली. हॉर्न चाळ दणाणून टाकत होता तरी बॅटरी बसली म्हणे! मी एक-दोघांना चांगलंच सुनावलं.

आता सीडीआयची पाळी होती. हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा असतो, ठिणगी नेमकी कधी पाडायची ते हा ठरवतो. ताई म्हणाल्या, "हा उघडून बघता येत नाही. याची परीक्षा दुसऱ्याच्या घरी घ्यायची." त्यांनी आपला डबा काढून सलोनीच्या गाडीला लावला. सलोनीची गाडी एका किकेत सुरू झाली. मग सलोनीचा डबा आपल्या गाडीला लावला. राजारामदादांनी प्लग धरला, सलोनीने किक मारली.

"काही नाही गं," दादा म्हणाले.

"म्हणजे डबाही चांगला!" ताई जवळजवळ ओरडल्या. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. या बाईला प्रत्येक 'नाही' म्हणजे एक दरवाजा बंद झाल्याचा आनंद. आणि गंमत म्हणजे तो आनंद आम्हालाही लागला. सलोनी तर मोठमोठ्याने हिशोब ठेवायला लागली, "प्लग पास, टोपी पास, डबा पास!" गॅलरीतल्या बायका वरून विचारत होत्या, "आता काय राहिलं गं?" स्कूटरच्या पोटात काय काय असतं ते त्या दिवशी अख्ख्या चाळीला कळलं.

डबे जागच्या जागी गेले. मग ताईंनी मीटर काढला आणि इंजिनाकडून येणाऱ्या वायरी तपासल्या. करंट मुळात जिथे तयार होतो ती कॉइल आत असते. तिचे आकडे नेहमीसारखे आले, प्लगच्या कॉइलचेही आले. आठ पंचेचाळीस झाले होते. ताई टाचांवर बसल्या, मनगटाने घाम पुसला आणि कपाळावर काळा पट्टा ओढला गेला.

"सगळं चांगलं आहे," त्या हळू म्हणाल्या. "सगळं चांगलं असून चालत नाही. म्हणजे कुणीतरी हिला सांगतंय की बंद राहा."

आम्हाला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी डब्यातून निघालेली एक काळी वायर दाखवली. ही किल्लीकडे जाते. किल्ली बंद केली की ही वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते, करंट तिथेच जिरतो आणि गाडी बंद होते. "किल्ली चालू आहे," ताई म्हणाल्या, "पण ही वायर अजून बंदच म्हणत असेल तर?" त्यांनी ती वायर डब्यापासून ओढून वेगळी केली. "दादा, धरा प्लग. सलोनी, किक."

एव्हाना दादांचा प्लगवरचा विश्वास उडालेला होता. अर्धा तास धरून धरून त्यांचा हात टोपीवरून सरकून थेट प्लगच्या लोखंडावर आला होता. सलोनीने किक मारली आणि आमचे अध्यक्ष "आई गं!" म्हणून बसल्या जागी हातभर उडाले.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग ताईंनी टाळ्या वाजवल्या. "करंट आला! करंट आला!" आणि चाळीत जो काय कल्ला झाला! टेम्पोवाल्याने गाणं वाढवलं, वरून कुणीतरी फुलं टाकली, मी सलोनीला मिठी मारली. दादा हात झटकत होते आणि तेही हसत होते. "आला बाबा," ते म्हणत होते, "चांगलाच आला." मला वाटतं, आयुष्यात इतका आनंद मला माझ्या बीएडच्या निकालालाही झाला नव्हता.

ताईंनी प्लग लावला, किक मारली. एका किकेत गाडी सुरू! आठ पंचावन्न. बाकीच्या दहाजणी आपापल्या गाड्यांकडे धावल्या. आणि ताईंनी किल्ली फिरवली.

गाडी बंद झाली नाही. बंद करणारी वायरच सुटी असल्याने ती चालूच राहिली. ताईंनी दोनदा किल्ली फिरवून पाहिली, मग डब्याचं ते टोक पत्र्याला टेकवून गाडी बंद केली.

"अहो बंद काय करताय!" मी किंचाळले. "झाली ना चालू! चला!"

"किल्लीने बंद होत नाहीये ती."

"न होऊ दे! आपल्याला चालू हवीय. बंद चैत्यभूमीला गेल्यावर करू!"

"मानसी, पुढे पोरं नाचत असतात," ताई म्हणाल्या. "मी पडले, कुणी आडवं आलं, ऍक्सिलेटर अडकला, तर किल्ली फिरवायची आणि गाडीने धावतच राहायचं? अशी गाडी मी लेकरांत नेणार नाही."

"नऊ वाजतील ताई!"

"वाजू देत."

मला राग आला. खरंच सांगते, भयंकर राग आला. दोन तास भांडून मिळवलेला मान, दहा बायकांनी आठवडाभर गुडघे फोडून केलेला सराव, आणि ही बाई पाच मिनिटं राहिली असताना शहाणपणा करत बसली! मी तसं बोललेही. त्यांची बोटं त्या काळ्या वायरीवरून पुढे सरकत होती. सीटखालून पायठेवणीकडे, तिथून वर, पुढच्या पत्र्याच्या आतून हँडलकडे. मध्येच बोटं थांबली.

ती थांबली त्या जागेच्या बरोब्बर समोर, पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या निळ्या झेंड्याचा स्टीलचा पाइप उभा होता. आणि तो पाइप आदल्या संध्याकाळी ड्रिल मशीन उसनं आणून, ताई जेवायला वर गेलेल्या असताना, त्यांना खूश करावं म्हणून, मी बसवला होता.

गाडीला कुणी हात लावला का, असं विचारल्यावर मी नाही म्हणाले होते, आणि ते खोटं बोलले नव्हते. झेंडा लावणं म्हणजे गाडीला हात लावणं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि एकट्या माझ्याच कशाला! सकाळपासून शंभर माणसं त्या गाडीभोवती होती, पेट्रोलपासून बॅटरीपर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. खुद्द ताईंनी सकाळी त्या झेंड्याला हात जोडून मगच किक मारली होती. निळ्या झेंड्यावर आमच्याकडे कोण संशय घेणार?

"ताई," मी म्हणाले, "तो स्क्रू मी मारलाय."

ताईंनी पाइपचा खालचा स्क्रू फिरवला. तो फिरतच राहिला, फिरतच राहिला आणि एकदाचा बाहेर आला. चांगला दोन इंची. पत्रा, वायर, सगळं भेदून तो आतल्या चेसिसच्या लोखंडाला जाऊन टेकला होता. त्याच्या टोकाला काळ्या प्लास्टिकचा एवढासा तुकडा अडकला होता.

"दोन इंच?" ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "झेंडा लावत होतीस की पूल बांधत होतीस?"

मी रडायला लागले. तेवढ्यात अमितने माइकवर सांगितलं की नऊ वाजले, आणि मागे ऐंशी मोटरसायकली एकदम सुरू झाल्या. तो आवाज दरवर्षी ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"रडू नंतर," ताई म्हणाल्या. "टेप धर."

त्यांनी घाई केली नाही. सोललेली वायर नीट पाहिली, आतली तार तुटली नव्हती. तिच्यावर काळा टेप गुंडाळला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. झेंड्याचा पाइप उतरवला. वायर डब्याला परत जोडली, किल्ली चालू केली, किक मारली. गाडी सुरू. किल्ली फिरवली, गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सुरू केली आणि चालू ठेवली. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

बाकीच्या दहाजणी आपल्या गाड्यांवर बसून होत्या, पण एकीनेही गाडी सुरू केली नव्हती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंची सुरू होईपर्यंत आपली नाही, एवढंच.

ताई हात पुसत राजारामदादांच्या बुलेटपाशी गेल्या. पांढऱ्या साडीवर ग्रीस, फेटा एका कानावर आलेला. "दादा, सात मिनिटं उशीर झाला," त्या म्हणाल्या. "शब्द माझाच होता. तुम्ही निघा, आम्ही मागून येतो." आवाज अगदी नेहमीचा होता. पण वळताना त्यांनी ओठ घट्ट मिटले, ते मी पाहिलं, आणि तो स्क्रू मलाच कुठेतरी जाऊन टोचला.

दादा बुलेटवर तसेच बसून राहिले. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली. मग किल्ली फिरवली. बुलेट बंद झाली.

"बंद करा," ते मागे वळून म्हणाले.

पोरांना कळेना. "अरे किल्ल्या फिरवा!" दादा गरजले. पहिल्या ओळीतल्या बंद झाल्या, मग दुसऱ्या, मग लांब नाक्यापर्यंतच्या. टेम्पोवाल्याने गाणंही थांबवलं. त्या सगळ्या रस्त्यावर एकाच इंजिनाचा आवाज उरला, आणि तो बकुळाताईंच्या स्कूटरचा होता.

"अमित," दादा म्हणाले, "त्या दिवशी वहीत काय लिहिलंस?"

अमितला वही उघडावी लागली नाही. "बंद गाडी मागे," तो म्हणाला.

"आमच्या सगळ्या बंद आहेत," दादा म्हणाले. "हिची चालू आहे. आणि किल्लीने बंदही होते, मी बघितलंय. बकुळा, पुढे हो."

ताई दोन्ही हातांनी फेटा सरळ करायला गेल्या आणि तो आणखी वाकडा झाला. मग त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, अगदी उघडपणे, सगळ्यांसमोर. वर गॅलरीत तांबेकाका कठड्याला धरून ढसाढसा रडत होते.

झेंड्याला आता पाइप नव्हता. ताईंनी मला मागे बसायला सांगितलं आणि झेंडा माझ्या हातात दिला. "यात स्क्रू मारू नकोस," त्या म्हणाल्या. दहा गाड्या सुरू झाल्या, मग मागच्या ऐंशी, आणि जय भीमच्या घोषणेने हिंदमातापर्यंतचा रस्ता भरून गेला. झेंडा धरून माझे खांदे भरून आले होते, घसा बसला होता, आणि मी वेड्यासारखी हसत होते. दादर टीटीला दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. बायका पोरींना कडेवर घेऊन पुढच्या गाडीकडे बोट दाखवत होत्या.

टिळक पुलाचा चढ लागला. पोलिसांनी आमच्यासाठी पुलाची एक बाजू मोकळी ठेवली होती. स्कूटरने एकदाही आचका दिला नाही. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा ताईंनी वेग थोडा कमी केला. मला वाटलं काही बिघडलं.

"काय झालं ताई?"

तीस वर्षं त्या या रस्त्याने येत होत्या. आधी कुणाच्या तरी मागच्या सीटवर, मग स्वतःच्या गाडीवर, टेम्पोच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी.

"मानसी," त्या म्हणाल्या, "पुढे कुणीच नाही गं."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पूल रिकामा होता.